बासष्ट दिवस

“पारूबाई, संक्रांतीनंतर लग्नाच्या तिथी कधीपासून आहेत?” मच्छिंद्रनं विचारलं.

पॉलिहाऊसच्या दारात आम्ही सगळे उभे होतो. दोन हजार चौदा सालच्या डिसेंबरची तीन तारीख, सकाळचे साडेसात. अकरा बायका हातात सिकेटरच्या कात्र्या घेऊन छाटणीला तयार होत्या आणि पारूबाई त्यांची मुकादम होती. आमच्या गुलाबांना तिचा हात आमच्याहून जास्त ओळखीचा.

“संक्रात झाली की चार-पाच दिसांनी सुरू. मंग आठ-धा दिस दम न्हाई,” ती म्हणाली. “माझ्या भाचीचंबी त्यातच हाय. का रं?”

“सहज,” तो म्हणाला आणि पहिल्या ओळीतल्या पहिल्या झाडाचा दांडा त्यानं कापला. मी दारावरच्या काळ्या पाटीवर खडूनं लिहिलं: छाटणी, ३ डिसेंबर. पाटीवर रोज दिवसाचा आकडा बदलणं हे माझं काम होतं आणि त्याचा मला उगाचच अभिमान होता.

मच्छिंद्र म्हणजे माझा नवरा. समोर मी त्याला अहोच म्हणते, लिहिताना मात्र नाव घेते. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर एवढी बढती मी माझी मलाच दिली आहे.

पवना धरणाच्या खालच्या अंगाला आमची अर्ध्या अर्ध्या एकराची दोन पॉलिहाऊसं होती. ती माझ्या सासऱ्यांनी, आप्पांनी उभी केलेली. मच्छिंद्र मात्र चार वर्षांपासून केनियात, नैवाशा नावाच्या गावी, एका मोठ्या गुलाब कंपनीत सुपरवायझर होता. आमच्या मावळातली पुष्कळ पोरं तशी गेली आहेत. गुलाबाचं काम शिकायचं तळेगावला आणि पगार घ्यायचा आफ्रिकेत. वर्षातून एकदा तो तीन आठवडे यायचा. बाकीचं वर्ष आमचा संसार फोनवर चालायचा.

आमची ओवी तेव्हा साडेतीन वर्षांची होती. तिला बाप माहीत होता तो माझ्या फोनच्या काचेतला. त्या नोव्हेंबरात मच्छिंद्र घरी आला, तेव्हा पहिले दोन दिवस ती त्याच्याकडे लांबूनच बघत राहिली. तिसऱ्या दिवशी त्यानं तिला चिक्की दिली. ती घेऊन ती थेट आतल्या खोलीत गेली आणि माझा फोन कानाला लावून म्हणाली, “पप्पा, घरी एक काका आलेत. ते चांगले आहेत.” आम्ही सगळे हसलो. मच्छिंद्रही हसला, पण मग तोंड धुवायच्या निमित्तानं मोरीत गेला आणि बराच वेळ आलाच नाही.

तो अवेळी घरी आला त्याला कारण होतं. इतकी वर्षं केनियाचं फूल युरोपात बिनजकातीचं जायचं आणि आपल्या फुलाला मात्र तिथल्या दारात जकात बसायची. गुलाब तोच, काटे तेच, पण आपण महाग. त्या वर्षी केनिया आणि युरोप यांच्यातला कुठलासा करार मुदतीत झाला नाही आणि ऑक्टोबरात केनियाची सवलत गेली. नैवाशातल्या मालावर जकात लागली. तिथल्या कंपनीनं काम निम्मं केलं आणि बाहेरदेशच्या माणसांना बिनपगारी रजा दिली. इकडे मुंबईचा एक एजंट गाडी घेऊन आमच्या बांधावर आला. चौदा फेब्रुवारीच्या सणाला हॉलंडला लाल गुलाब हवे होते. आजवर आमच्यासारख्या लहान माणसाला तिकडून कुणी विचारलं नव्हतं. आप्पांनी दोन्ही पॉलिहाऊसांतलं सगळं फूल द्यायचा शब्द दिला.

रात्रीच्या जेवणाला आप्पांनी हे सगळ्यांना समजावून सांगितलं आणि शेवटी मच्छिंद्रला म्हणाले, “ही जकात अशीच ऱ्हायली, तर तुला परत जायचं कामच न्हाई. आपलंच फूल जाईल दरसाल.”

मच्छिंद्र म्हणाला, “बघू.”

त्या एका ‘बघू’वर मी अख्खा संसार मांडला. त्याच्यासाठी कपाटाचा एक कप्पा मोकळा केला. ओवीला कुठल्या बालवाडीत घालायचं ते दोघांनी मिळून ठरवायचं असं मनात घेतलं. रोज सकाळी देवापुढे दिवा लावताना मी एकच मागणं मागायचे, की केनियाचा तो कराराचा कागद होऊ नये. देवाला केनिया कुठे आहे ते ठाऊक असेल असं मी धरून चालले होते.

एकदा मी हे मच्छिंद्रला हसत हसत सांगितलं. त्यानं हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, “कामाऊची बायको, न्जेरी, आठवतेय? फोनवर तुला गाणं म्हणून दाखवलं होतं तिनं. ऑक्टोबरपासून घरी बसलीय. पॅकिंग हॉलमधल्या सगळ्याच बायका.” कामाऊ म्हणजे त्याचा तिथला जोडीदार, त्याच्या घरचा रविवारचा घास मच्छिंद्रनं चार वर्षं खाल्ला होता. त्यानंतर मला देवापुढे ते मागणं तोंड वर करून मागवेना. पण मागायचं सोडलं असंही नाही. नुसती मान खाली घालून मागायला लागले.

आता छाटणीचं सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे. गुलाब हुकमाच्या दिवशी फुलवायचा असेल, तर त्या दिवसापासून उलटं मोजत यायचं आणि त्या तारखेला झाड छाटायचं. छाटल्यावर नवा कोंब येतो, कोंबाला कळी येते आणि कळी कुणासाठी थांबत नाही. आमचा माल तीन फेब्रुवारीला विमानात चढायचा होता. डिसेंबरच्या सुरुवातीला आप्पा आणि सासूबाई माझ्या नणंदेच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला जुन्नरला गेले, पाच दिवसांसाठी. जाताना आप्पा नुसतं म्हणाले, “छाटणीचं तू बघतोयस ना?” आणि मच्छिंद्र हो म्हणाला. त्या पाच दिवसांत त्यानं दोन्ही पॉलिहाऊसं छाटून घेतली.

आठ तारखेला आप्पा परत आले. एस.टी.तून उतरून घरात न जाता सरळ पॉलिहाऊसकडे गेले. मी पाटीवर आकडा बदलत होते. त्यांनी पाटी वाचली, आत जाऊन ओळीच्या ओळी पाहिल्या आणि एका उलट्या क्रेटवर मटकन बसले.

“कुणी छाटायला सांगितलं?”

“मी,” मच्छिंद्र म्हणाला. “तीन फेब्रुवारीपासून बासष्ट दिवस मागं मोजले.”

“बासष्ट?”

“तिकडं बासष्टच लागतात, आप्पा.”

आप्पांचा आवाज चढला. नैवाशा डोंगरावर, तिथं थंडी, तिथं लागत असतील. इथं आपल्याला अठ्ठेचाळीस लागतात, हे तुला शाळेत असताना शिकवलं. चार वर्षांत तू घरचं मोजमाप विसरलास का, असं बरंच काही ते बोलले. बायका हातातली कामं सोडून बघत होत्या. मच्छिंद्र मान खाली घालून उभा होता.

“तिकडच्या सवयीनं चुकलो,” एवढंच तो म्हणाला.

हिशोब मलाही येत होता. फुलं वीस जानेवारीला येणार आणि विमान तीन फेब्रुवारीला. गुलाब दोन आठवडे कुणी झाडावर धरून ठेवू शकत नाही. म्हणजे ऑर्डर बुडणार, एजंट पुन्हा बांधावर येणार नाही आणि मच्छिंद्रचं घरी राहणंही त्याबरोबरच संपलं. मला इतका राग आला की सांगता येत नाही. त्याच्या चुकीचा राग नव्हता तो. मला वाटलं, याला राहायचंच नव्हतं, म्हणून याचं लक्ष नव्हतं. घराकडे लक्ष असलेला माणूस घरचे दिवस विसरेल कसा?

मी अबोला धरला. ताट वाढायचं आणि पाठ फिरवायची. ओवीच्या तोंडून निरोप द्यायचे. तोपर्यंत ओवीनं त्याला काकाचा पप्पा केला होता आणि या नव्या खेळात तिला फार मजा वाटत होती. मच्छिंद्रनं दोन दिवस सगळं निमूट सोसलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात शेण भरत होते, तर हा माणूस शेणाची टोपली उचलायला आला आणि म्हणाला, “बोलू नकोस, पण शिव्या तरी दे.” मग मला रडू आलं आणि अबोला तिथंच मोडला.

आप्पा हात टेकून बसणाऱ्यांतले नव्हते. कळ्यांना उशीर व्हावा म्हणून त्यांनी उन्हं उतरली की पॉलिहाऊसचे पडदे वर गुंडाळायला लावले; बाहेरची थंडी आत येऊ दे, झाड जरा दमानं वाढेल. पाणी कमी केलं. दिवसा वर सावलीची जाळी ओढली. मच्छिंद्र ते सगळं त्यांच्याबरोबर करायचा, पण मनापासून घाई अशी त्याच्या अंगात दिसत नव्हती. एक-दोनदा तर जाळी ओढायची राहूनच गेली. आप्पा म्हणायचे, चूक केलेला माणूस असाच सैल पडतो.

पण एरवी तो फार आनंदात होता. ओवीला खांद्यावर बसवून धरणाच्या काठाला न्यायचा. मला भाकरी थापताना बघत बसायचा आणि नावं ठेवायचा. एके दिवशी मला घेऊन उगाच कामशेतच्या बाजारात गेला आणि काही न घेता आम्ही परत आलो. मी विचारलं, आलो कशाला होतो? म्हणाला, “बाजारात बायकोबरोबर रिकाम्या हातानं हिंडायचं राहिलं होतं.” मला वाटलं, हा आता इथलाच झाला.

सव्वीस डिसेंबरला सकाळी एजंटचा फोन आला. आप्पा ओट्यावर बसून ऐकत होते आणि मध्ये मध्ये नुसतं बरं, बरं म्हणत होते. फोन ठेवून त्यांनी आम्हाला सांगितलं. केनियाचा कागद झाला. कालच्या नाताळच्या दिवसापासून त्यांचं फूल पुन्हा बिनजकातीचं. हॉलंडवाल्यांनी इकडची ऑर्डर सोडली.

त्यानंतर तासाभरात मच्छिंद्रचा फोन वाजला. पलीकडे कामाऊ होता. मागे बायकांचा एवढा कालवा चालला होता, की त्याचं बोलणं मला ओट्यावर बसूनही ऐकू येत होतं, कळत काही नसलं तरी. मच्छिंद्र हसत होता, त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलत होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, “न्जेरीला पुन्हा कामावर घेतलं.” आणि माझ्याकडे बघायचं टाळून पुढे म्हणाला, “मला तीस जानेवारीचं तिकीट पाठवतायत.”

मी उठून आत गेले. कपाटाचा तो मोकळा केलेला कप्पा उघडून बघितला आणि पुन्हा लावला. न्जेरीसाठी बरं वाटलं, हे खोटं नाही. पण त्या बऱ्या वाटण्याची किंमत माझ्याच घरातून गेली होती.

वीस जानेवारीला, पाटीवर अठ्ठेचाळिसावा दिवस लागला त्या सकाळी, दोन्ही पॉलिहाऊसं लाल झाली. ऑर्डर सुटल्यावर आप्पांनी जाळी आणि पडदे कधीच सोडून दिले होते. आणि मग गंमत झाली. लग्नं नुकती सुरू झाली होती, पुण्याच्या बाजारात लाल गुलाबाला मागणी होती आणि आमच्या भागात त्या आठवड्यात फूल होतं ते फक्त आमचं. आजूबाजूच्या ज्यांनी ज्यांनी आमच्यासारखीच हॉलंडची नवी ऑर्डर धरून बरोबर अठ्ठेचाळीस दिवस मोजले होते, त्या सगळ्यांचं फूल पुढे फेब्रुवारीत एकाच वेळी बाजारात पडलं आणि मातीमोल झालं. आमचं एकही फूल वाया गेलं नाही. आप्पा गावभर सांगत सुटले, “पोरगं चुकलं म्हणून आम्ही तरलो.”

बावीस तारखेला आम्ही सगळे गड्ड्या बांधायला बसलो होतो. वीस वीस फुलं, खाली दोरा, वर कागद. पारूबाई मच्छिंद्रला म्हणाली, “भाचीच्या मांडवाला तुझीच फुलं घेणार बघ. छाटायच्या आधी तिथी इचारून घेतलीस, तवाच म्या म्हनलं, ह्याच्या मनात कायतरी हाय. आहेर देतोस का काय?”

मच्छिंद्र म्हणाला, देतो ना. आणि मी हातातली गड्डी तशीच धरून बसले.

छाटायच्या आधी तिथी विचारल्या होत्या. खरंच विचारल्या होत्या. मी शेजारीच खडू घेऊन उभी होते. पहिला दांडा कापायच्या आधी.

दुपारी बायका जेवायला गेल्यावर मी त्याला पॉलिहाऊसच्या मागच्या टाकीपाशी गाठलं.

“तुम्ही चुकला नव्हतात,” मी म्हणाले.

तो नळाखाली हात धूत राहिला.

“तुम्हाला माहीत होतं, केनियाचा कागद होणार.”

“कामाऊनं नोव्हेंबरातच कळवलं होतं. सह्या झाल्यात, नाताळपर्यंत सगळं पूर्ववत होईल, असं कंपनीत बोलत होते. माझी खोलीसुद्धा दुसऱ्या कुणाला दिली नव्हती.”

“मग आप्पांना का नाही सांगितलंत?”

“आप्पांनी शब्द दिला होता. ऐकीव बातमीवर ते शब्द मोडतील? त्यांनी सतरा डिसेंबरलाच छाटलं असतं आणि फेब्रुवारीत सगळं फूल उकिरड्यावर टाकलं असतं. माझ्या चुकीनं मोडला तर त्यांच्याकडे बोट येत नव्हतं.”

“आणि कागद झालाच नसता तर?”

“तर मी खरंच चुकलो असतो,” तो म्हणाला आणि हसला.

मला हसू येत नव्हतं. मी म्हणाले, “आप्पांचं कळलं. मला का नाही सांगितलंत?”

त्यानं नळ बंद केला. हात पुसायला काही नव्हतं, म्हणून माझ्या पदराला पुसले. मग म्हणाला, “तू पाटीवर दिवस मोजतेस, उर्मिला. तुला सांगितलं असतं, तर पहिल्या दिवसापासून माझेही मोजले असतेस. दर वर्षी तीन आठवडे येतो आणि दुसऱ्याच दिवशी तुझ्या तोंडावर वजाबाकी दिसायला लागते. मला एकदा न मोजलेले दिवस हवे होते.”

कामशेतचा बाजार, धरणाचा काठ, माझ्या भाकरीला ठेवलेली नावं, सगळं डोळ्यांपुढून गेलं. त्याला सारा वेळ माहीत होतं. मला माहीत नव्हतं, म्हणून मी त्या सहा आठवड्यांत एकदाही त्याच्या जाण्याचं रडले नाही. आणि मग मला ते दोन दिवस आठवले.

“त्यातले दोन मी अबोल्यात घालवले,” मी म्हणाले. आता मात्र मला रडू आवरेना. “घराकडे लक्ष नाही म्हणून.”

“मला ठाऊक आहे.”

“ते दोन मला परत पाहिजेत.”

मी रागानं म्हटलं होतं, ओवी चिक्की मागते तसं. पण त्यानं दुसऱ्या दिवशी तळेगावला जाऊन तिकीट बदलून आणलं. तीसऐवजी एक फेब्रुवारी. कंपनीला काय कारण दिलं ते मी विचारलं नाही. त्या दोन दिवसांत आम्ही विशेष काहीच केलं नाही. मी पाटीला हात लावला नाही. आम्ही बोललो मात्र खूप, अबोल्याची सगळी भरपाई होईपर्यंत.

एक तारखेला दारात जीप उभी राहिली. आप्पांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “तिकडं बासष्टच मोज. इथं आलास की मला इचार.” मच्छिंद्रनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. आम्ही दोघांनी आप्पांना ती गोष्ट कधीच सांगितली नाही. पुढे ते वारले तोवर पोराच्या चुकीची हकिकत दर पाहुण्याला सांगून हसत होते आणि आम्हीही त्यांच्याबरोबर हसत होतो.

ओवी कुठे दिसेना. मी हाक मारली, तर ती आतून माझा फोन दोन्ही हातांत धरून आली. मला वाटलं, आता बाप फोनमध्ये जाणार हे हिला कळलं. ती जीपपाशी गेली, टाचा उंचावून तिनं तो फोन मच्छिंद्रच्या खिशात घातला आणि म्हणाली, “हा पप्पा जाऊ दे. तू थांब.”

मच्छिंद्रनं तिला उचललं, उतरवलं आणि फोन खिशात तसाच ठेवून तो जीपमध्ये बसला. तिच्या हातात तो परत द्यायची त्याची छाती झाली नाही. संध्याकाळी ड्रायव्हरनं तो आणून दिला. ओवीनं त्याच्याकडे बघितलंही नाही. पुढचे कित्येक दिवस तिकडून फोन आला की ती अंगणात निघून जायची.

आठवड्यानंतर मी आप्पांपुढे पासपोर्टचे दोन फॉर्म ठेवले, एक माझा आणि एक तिचा. त्यांनी चष्मा लावून ते सावकाश वाचले आणि पारूबाईला बोलावून आणायला सांगितलं. पाटीवरचे आकडे आता तुला लिहायचेत, असं त्यांनी तिला सांगितलं. पारूबाई म्हणाली, आकडे येतात मला, खडू तेवढा चांगला आणा.

जूनमध्ये आम्ही दोघी नैवाशाला पोचलो. न्जेरी विमानतळावर आली होती. तिनं ओवीला उचलून घेतलं आणि फोनवरचं तेच गाणं म्हटलं. पहिल्याच आठवड्यात मच्छिंद्रनं मला एक ओळ छाटून दिली आणि मी दाराला एक पाटी टांगली. इथल्या गुलाबाला बासष्ट दिवस लागतात. मी मोजलेत.